मागाच्या पायाखालची भाकरी

राजमल्लू चिलवेरी रशियातल्या इव्हानोवोहून परत आला तेव्हा
बॅगेत तीनच वस्तू होत्या.
कानटोपी, जी सोलापुरात कुणी घालणार नव्हतं,
मशीनचं पुस्तक, जे कुणाला वाचता येत नव्हतं,
आणि रबराची एक जाड काळी चकती.
भद्रावती पेठेत ती घरोघर फिरली.
पेंटव्वानं टिचकी मारून पाहिली, म्हणाली,
तिकडचीसुद्धा कडकच असते की भाकरी,
चटणी आणा.

सहा महिन्यांचं ट्रेनिंग. बाहेर उणे वीस.
संध्याकाळी कँटीनमध्ये फिटर लोक टीव्हीपुढे,
बर्फावर लाल शर्टातले पाच जण,
छातीवर तीन चंद्रकोरी आणि एक पी.
हे तो आम्हाला आठ नंबरच्या मागाजवळ सांगायचा,
ओरडून, कारण माग थांबवायचा नाही.
गोल कुणी केला, हे तिथं विचारत नाहीत म्हणे.
विचारतात, त्याच्या आधी कुणी दिला.
आणि त्याच्या आधी.
मग धोट्याकडे बोट दाखवायचा:
दिवसभर जातोय, येतोय,
नाव आहे का याच्यावर कुणाचं?

मी तेव्हा सोळाचा. तुटलेला धागा सापडेपर्यंत घामानं न्हायचो.
शेजारचा माग गप्प झाला की तो हाक मारायचा नाही,
नुसता माझ्याकडे बघायचा.
जायचं असतं, हे मला कळायला वर्ष लागलं.

त्यांच्या एका हाराविषयी तो कमी बोलायचा.
अमेरिकेच्या कॉलेजातली पोरं जिंकली होती.
कँटीनमध्ये कुणी काही म्हणालं नाही,
एक म्हातारा फिटर ब्रेड कापत राहिला,
सगळा पाव संपला तरी सुरी चालूच.
एवढे कप जिंकले, एवढी सोनं आणली,
आणि जग तेवढीच एक मॅच सांगतं,
याचा त्याला आमच्या मालकापेक्षा जास्त राग.

एकदा टॉवेलच्या काठावर त्यानं ती चार अक्षरं विणली.
लाल, एक डझन.
साखर पेठेतल्या व्यापाऱ्यानं गठ्ठा परत पाठवला,
कंपनीचं नाव चुकलंय.
त्यातला एक अजून आमच्याकडे आहे,
सायकल पुसायला.

मग ब्याण्णवचा फेब्रुवारी. देशच उरला नव्हता.
संघ तरी गेला खेळायला,
छाती कोरी, झेंडा उसना, धून दुसऱ्याची,
आणि जिंकून आला.
कन्ना चौकातल्या टपरीवर राजमल्लूनं ती दोन ओळींची बातमी
दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
म्हणाला, जुन्या गिरणीचा भोंगा बंद पडलाय,
पण आपली म्हातारी माणसं
अजून पहाटे सहाच्या आधी उठतात ना?
पुढं काही बोलला नाही. चहाचे पैसे मीच दिले.

परवा त्याच्या पोरानं माग भंगारात काढले.
किलोवर. चव्वेचाळीस डिग्रीत हमाल पहारीनं उचलत होते.
आठ नंबरचा डावा पाय वर आला आणि खाली ती.
फरशी खचलेली म्हणून त्यानंच सारली असणार,
थरथर शोषायला.
एकतीस वर्षं लोखंड अंगावर घेऊन
मध्ये खळगा पडलेला, कडा फुगलेल्या.
आता ती गोल नाही.
भंगारवाला म्हणाला, रबराला भाव नाही.

मी खिशात घालून निघालो.
अक्कलकोट रोडला बर्फाच्या कारखान्याबाहेर
लाद्या उतरत होत्या, फरशीवर पाणी,
लाकडाचा भुसा, बर्फाचा चुरा.
इकडंतिकडं पाहिलं, चोरासारखं,
आणि दिली ढकलून.
वाकडी गेली, लंगडत,
गोणपाट खांद्यावर घेतलेल्या एका पोराच्या पायाशी थांबली.
त्यानं वर पाहिलं नाही,
हे काय म्हणून विचारलं नाही.
पायानंच पुढं सरकवली,
पलीकडच्याकडे.